दर्याला दिलेली जमीन

‘पडीक’ हा शब्द आमच्याच शेताला लावलेला मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकला. भूगोलाचे सर नकाशावर काठी फिरवत होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवरून त्यांनी ती घासत नेली आणि म्हणाले, "ही सगळी वेस्ट लँड. पडीक. खारं पाणी, चिखल, झुडपं. कुणाच्या काही उपयोगाची नाही."

मी उभा राहिलो. "सर, तिथं आमचं घर आहे."

वर्ग हसला. सरही हसले. "घर असेल हो. मी जमिनीबद्दल बोलतोय."

"जमीनही आमचीच आहे."

"पिकतं काही तिच्यात?"

"आत्ता नाही पिकत. पण ती पडलेली नाही. दिलेली आहे."

"कुणाला?"

"दर्याला," मी म्हणालो. या वेळी वर्ग असा काही हसला की सरांनी पुस्तकच मिटलं.

हसू देत. आमच्या गावात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी मान खाली घालून सांगत नाही, आणि आमची माणसं कशी बोलतात हेही नाही. ‘दर्याला दिली’ हे बोलणं पोरकटपणाचं नव्हतं. त्याच बोलण्यापायी आमची जमीन जाता जाता राहिली. ते कसं, ते सांगतो.

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, अगदी खाडीकाठी. आम्ही पहिल्यापासून इथलेच. भात आणि मीठ, ही आमची दोन कामं. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मधे चिखलाचा मोठा बांध. बांधाच्या आत राहिली ती खार, तिच्यात भात. बांधाबाहेर राहिलं ते खाजण, त्यात तिवरांची खारी झाडं, चिखल आणि चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे. बांधाच्या पोटात एक लाकडी झडप, तिला उघाडी म्हणायचं. ओहोटीला ती पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं मिटते. खार आणि खाजण यांच्यातला फरक म्हणजे तो बांध, आणि बांध म्हणजे गावानं वर्षावर्षाला चढवलेला चिखल. एक वर्ष कंटाळा केलात की फरक संपला.

बांधाच्या बाहेर तिवरांची दाट फळी होती. लाट आधी तिच्यात शिरायची, दमायची, मग बांधाला टेकायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरपणाला मागणी आली, कंत्राटदाराचे पडाव, मोठ्या होड्या, खाडीत लागले आणि तिवरं साफ झाली. तोडणारे कोयते आमच्याच गावचे होते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण शहरात ज्यांच्या चुली त्या लाकडावर पेटल्या, त्यांनीच पुढं आम्हाला ‘झाडं तोडणारे अडाणी’ म्हटलं, तेही इथं लिहून ठेवतो.

स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षी, दिवाळी उलटल्यावर वादळ आलं. मी तेव्हा कल्याणच्या शाळेत होतो. भात कापून खळ्यावर आलेलं, एवढंच नशीब. दिवसभर वारा कौलं उडवत होता. दुपारच्या भरतीला पाणी बांधावरून आत सांडताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वारा पडला तेव्हा बांधाला खांड पडलेली होती: दोन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढं भगदाड. गावानं ते बुजवायला घेतलं. बुजवलं की पुढचं उधाण धुऊन न्यायचं, आणि प्रत्येक वेळी खांड आधीपेक्षा रुंद व्हायची. शेवटी थांबले.

थांबले, आणि गावाची रीत केली. खांड बुजेनाशी झाली की ती खार दर्याला देतात. कशी? लेक देतात तशी. खांडीच्या तोंडाशी नारळ, हळदकुंकू आणि मूठमूठ भात वाहून जमिनीची ओटी भरायची, आणि घरातल्या कर्त्यानं खाडीकडं तोंड करून म्हणायचं, "दर्यादेवा, आमची खार तुला दिली. नीट नांदव." तेव्हापासून दर्या जावई. उधाण आलं की बायका म्हणणार, जावई रुसला. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी मऊ झालं की, जावई निजला.

आमच्या खारीची ओटी भरली माझ्या आत्येनं. आत्येला खाडीपलीकडं दिलेली. नवरा दुसरी घेऊन बसला, तशी ही आपलं गाठोडं घेऊन भावाच्या दारात परत आली. कपाळावर कुंकू कायम. कुणी खोचकपणे विचारलं तर म्हणायची, "त्याचं नाय, माजं हाय." बाबा "दिली" म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज फुटला. आत्येचा नाही फुटला.

मग मी शाळा आणि पुढं कॉलेज करत असताना शेताचं काय काय झालं, ते सुटीसुटीला पाहत गेलो. पहिल्या उन्हाळ्यात जमीन पांढरी पडली, मीठ पायाला टोचायचं. बांधावरचा आंबा उभा वाळला. शेतातले उंदीर घरात आले आणि त्यांच्यामागून साप. विहिरीचं पाणी मचूळ झालं. आई पाणी आणायला दूरच्या टेकाडाखाली जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी त्या पांढऱ्यावर मोरस उगवली, लालसर, जाड पानांची. ती आम्ही भाजी करून खाल्ली. तिला मीठ घालावं लागत नसे, हा आमच्या घरातला एकमेव फायदा, असं आई म्हणायची. मग भरतीबरोबर तिवराच्या बिया वाहून आल्या आणि रुजल्या. कुणी लावल्या नाहीत, कुणी राखल्या नाहीत. आम्ही तोडलेलं दर्यानं पुन्हा लावायला काढलं, आमच्या बांधाच्या आतही आणि बाहेरही. चिखलातून त्यांची मुळं पेन्सिलींसारखी वर आली. त्यांच्यात निवट्या, चिखलातले छोटे मासे, उड्या मारायला लागल्या, कोलंबी आली, बगळे आले, आणि आल्या चिंबोऱ्या.

चिंबोऱ्यांवर आत्येचं राज्य. वाकडी सळई घेऊन ओहोटीला उतरायची आणि टोपली भरून वर यायची, चिखलानं माखलेली, दात तेवढे पांढरे. डोंबिवलीच्या बाजारात तिच्या चिंबोऱ्यांना नाव होतं. सगळं घर तांदूळ विकत घेऊन खायला लागलं त्या वर्षांत ती एकटी कुणाच्या जिवावर जेवत नव्हती. दर्याला दिलेल्या जमिनीनं आमच्या घरात कुणाला जगवलं असेल तर तिला.

मी बी.ए. होऊन घरी आलो, त्याच शिमग्याच्या सुमारास महसुलाचे सर्कलसाहेब तलाठ्याला घेऊन गावात आले. एका कारखान्याला जागा हवी होती. डोंगराची माती आणून खाजणं भरायची, वर कारखाना. त्यासाठी आमची बुडालेली शेतं कुणाची आणि कुणी कसतं का, याची चौकशी. कसत नसेल तर पडीक, आणि पडीक ती सरकारजमा. सगळं गाव बांधावर जमलं. खाली ओहोटी होती.

साहेबांनी बाबांना विचारलं, "ही जमीन तुमची?"

"व्हय साहेब."

"मग कसत का नाही?"

"दर्याला दिली."

"म्हणजे सोडली."

"सोडली नाय साहेब. दिली."

साहेब तलाठ्याकडं वळून म्हणाले, "लिहा. कबजा सोडल्याचं मान्य."

तेव्हा मी पुढं झालो. "साहेब, ‘सोडली’ असं कुणी म्हणालेलं नाही. ‘दिली’ म्हणाले."

त्यांनी मला वर-खाली न्याहाळलं. "आपण?"

"यांचा मुलगा. बी.ए."

"अरे वा! मग तुम्हीच समजवा यांना. शिकलेले आहात. बघा ना, काय आहे इथं? नुसतं पडीक. उद्या कारखाना उभा राहिला तर पहिली नोकरी तुमच्यासारख्याला."

"नोकरीचं मी बघून घेईन, साहेब. आधी शब्द दुरुस्त करा."

सरकारी माणसाशी असं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. साहेबांचा चेहरा तापला. "हे बघा, दिली म्हणजे गेली. मराठीत त्याला दुसरा अर्थ नाही. बी.ए.ला तुम्ही काय शिकलात मला माहीत नाही."

तोवर मागून आत्या टोपली डोक्यावर घेऊनच गर्दीतून पुढं आली. चिंबोऱ्या आत खडखडत होत्या.

"साहेबा, मना पन दिलेली," ती म्हणाली. "त्या पल्याडच्या गावाला. बापसानं वाजतगाजत दिलेली. मंग? दिली म्हंजे मेली कं? आली ना मी परत! ही कं हुबी हाय तुज्यापुरं!"

लोक हसले. साहेब जरा गडबडले. "बाई, बाईमाणसाचं वेगळं आणि जमिनीचं वेगळं."

"वेगलं कं त्याच्यान? दोगींना इचारीत कोन नाय."

आता तलाठीही हसला आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आत्या थांबली नाही. "लेक नांदाला गेली म्हंजे तिचा माहेर काय सरकारजमा होतंय? जावयानं नीट नांदवली तोवर नांदवली. आता आमी आनतो आमची लेक घरी. तू कोन मधी?"

सर्कलसाहेब वाईट माणूस नव्हते. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "माझ्याकडं लेक-जावई असा रकाना नाही. पीक नाहीतर पडीक, दोनच. मी दिवाळीला परत येईन. तेव्हा इथं पीक उभं असलं तर खार. नसलं तर मग माझ्याशी शब्दांवर भांडू नका."

ते गेले. बाबा खाली पाण्याकडं बघत उभे होते. मी आत्येला म्हटलं, "आत्ये, शेत परत आणलं तर तुझ्या चिंबोऱ्यांचं काय?"

"तुना कं करायचं त्याचं?" म्हणाली आणि टोपली सावरत बाजाराच्या वाटेला लागली. पण तिनं मान वळवून एकदा खाजणाकडं पाहिलं, ते मी पाहिलं.

बांध घालायचं ठरलं. कुठं घालायचा, यावर घरात भांडण झालं. बाबांना जुन्याच रेषेवर हवा होता. मी म्हटलं, जरा आत घेऊ. बाहेर तिवरं उभी आहेत, ती तशीच राहू देऊ. मागचा बांध गेला तो बाहेर तिवरं नव्हती म्हणूनच.

"माज्या बापसाची मेर सोडू?" बाबा कडाडले. "शिकून शिकून जमीन कमी कराला शिकलास?"

"जमीन राखायला शिकलो. मधली पट्टी गेली तर गेली, बाकी तरी टिकेल."

"तुज्या पुस्तकान हाय हा?"

"पुस्तकात तर आपली सगळी जमीन पडीक आहे, बाबा. पुस्तकाचं कोण सांगतंय? वादळात तुम्ही उभे होता ना तिथं?"

बाबा हटले नाहीत. आत्या निखाऱ्यावर चिंबोरी भाजत होती. ती न वळताच म्हणाली, "दादूस, लेक परत आनताना जावयाला रित्या हातानं धाडतोस? तो रुसला तर पुन्यांदा न्यायला येल. थोरा त्याच्यापन पदरान टाक."

माझ्या सगळ्या बी.ए.नं जे झालं नाही ते या वाक्यानं झालं. बाबा विस्तवाकडं बघत म्हणाले, "पट्टी सोरू." सोडू म्हणायचं होतं त्यांना, रागात आणि दुःखात त्यांची बोली जास्तच खारी व्हायची.

मानपाड्याच्या माळावरून गाड्या भरभरून काटक्या आणि करवंदीची झुडपं आणली. खांडीपासून आतल्या बाजूला मेखांच्या दोन ओळी ठोकल्या, मधे काट्याकुट्या आणि पेंढा, आणि त्यावर चिखल. भांगाचे दिवस धरून, पाणी मऊ असताना, घरटी एक माणूस उतरला. काही घरांतून दोन आले, आमच्या घरातून सगळेच. चिखलाचा गोळा हातोहात पुढं जायचा. मी रांगेत होतो. माझ्या हाताला फोड आले तशी चेष्टा सुरू झाली.

"अरे, त्या बी.ए.ला पुढं द्या, तो गोल्यावर सही करील!"

"बी.ए. म्हंजे कं रं?"

"बांध अडवनारा!"

तेव्हापासून गावात बी.ए.चा अर्थ तोच. मला तो विद्यापीठाच्या अर्थापेक्षा जास्त आवडतो.

शेवटचं तोंड बुजवताना भरती लागली होती. पाणी मेखांमधून फुसफुसत आत येत होतं. बाबा स्वतः त्या फटीत पाठ लावून बसले, छातीपर्यंत पाण्यात, आणि ओरडले, "माज्यावर टाका!" त्यांच्या दोन्ही बाजूंनी चिखल चढत गेला. मग चौघांनी त्यांना काखेत धरून वर ओढलं आणि राहिलेल्या भोकात पेंढ्याचा आख्खा भारा कोंबला. पाणी बाहेर चढत गेलं आणि आत चढलं नाही.

आता जे सांगायचं ते गोड करून सांगणार नाही. आत जे होतं ते मेलं. पाणी तुटल्यावर निवट्या चिखलात वाळल्या, चिंबोऱ्या बिळांतच राहिल्या. आतली तिवरं आम्ही तोडली. त्या वासानं सबंध उन्हाळा घरात जेवण जाईना. बगळे काही दिवस येऊन रिकाम्या डबक्यांशी उभे राहिले आणि मग येईनासे झाले. एकदा दर्यानं भाताचं मोडून आपलं वसवलं होतं, आता आम्ही त्याचं मोडून आमचं वसवत होतो. शहरातले लोक याला निसर्गाशी लढाई म्हणतात. आम्ही असं कधी म्हटलं नाही. लढाई परक्याशी होते. हे घरातलं भांडण होतं.

पावसाळाभर नव्या बांधातल्या उघाडीशी माणूस बसवला. पाऊस शेतातलं मीठ धुवायचा, ओहोटीला ते खारं पाणी बाहेर जायचं, पुन्हा पाऊस साठायचा. मोड आलेलं राता भात आम्ही चिखलात फेकलं. राता म्हणजे लाल दाण्याचं, खार सोसणारं भात. दुसरं तिथं तग धरत नाही. खालच्या वाफ्यांत ते जळून गेलं. वरच्या वाफ्यांत उभं राहिलं, बुटकं, विरळ, डोक्यावरच्या केसांसारखं कुठं आहे कुठं नाही. निंदायला गेलं की भातात तिवराची रोपं सापडत. सगळे ती उपटून बांधावर टाकत. आत्या मात्र ती मुळासकट काढून फडक्यात गोळा करायची.

दिवाळीला सर्कलसाहेब शब्दाप्रमाणं आले. बांधावर उभं राहून त्यांनी लांबपर्यंत नजर टाकली. "हे पीक?"

"हे पीक," मी म्हणालो.

"फार थोडं आहे."

"तुमचा रकाना पीक किंवा पडीक असा होता. थोडं किंवा फार असा नव्हता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चपला काढल्या आणि खाली उतरले. एक लोंबी तोडून तळहातावर चोळली, फुंकर मारली. तांबडे दाणे उरले. "लाल आहे की," ते स्वतःशीच म्हणाले.

आत्या भातात वाकलेली होती, ती सरळ झाली. "लाजलीय साहेबा. इतक्या वर्सांनी माहेरी आलीय ना!"

साहेब मोठ्यानं हसले. त्यांच्यातला सरकारी माणूस थोडा वेळ कुठं गेला कोण जाणे. तलाठ्याला म्हणाले, "खार लिहा." मग मला म्हणाले, "आणि तुमचा तो शब्दही दुरुस्त झाला समजा." पुढं कचेरीच्या कामाला ठाण्याला गेलो असताना टेंभी नाक्यावर ते एकदा भेटले. चहा पाजला आणि विचारलं, "काय, लेक कशी आहे?" मी म्हणालो, "बाळसं धरतेय."

कारखाना झाला, पण दुसरीकडं. आम्ही सोडलेल्या पट्टीत, बांधाच्या बाहेर, आत्येनं ती फडक्यातली रोपं चिखलात एकेक करून खोचली होती. तिथल्या तिवरांत ती मिसळून गेली. चिंबोऱ्या परत आल्या आणि आत्येची सळईही.

काही वर्षांनी एक होडी भरून माणसं कोयते घेऊन त्या पट्टीला लागली. पुन्हा सरपण, पुन्हा कंत्राट. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. त्यांच्यातल्या मुकादमानं विचारलं, "तुमची आहेत का ही झाडं?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्या जावयाची आहेत."

"मग तो कुठाय?"

मी खाडीकडं बोट केलं. "विचारा त्याला. तो हो म्हणाला तर तोडा."

मुकादम हसला, पण त्याच्या माणसांत दोघे खाडीकाठचेच असावेत. ते हसले नाहीत. भरती चढत होती. तिवरांच्या बुंध्यांपर्यंत आली, होडी हलायला लागली. मी तिथंच उभा राहिलो. त्यांच्यातलं कुणी चिखलात उतरलं नाही.